स्टेरॉइड मलम : भीती किती, भरवसा किती?

तीन वर्षांच्या मुलाच्या कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागे लालसर, खरबरीत चट्टे उठले आहेत. रात्रभर खाजवून तो रडतो आणि त्याच्याबरोबर सारे घर जागे राहते. त्वचारोगतज्ज्ञ इसब असल्याचे सांगतात आणि मलम लिहून देतात. घरी आल्यावर वडील नळीबरोबरचे माहितीपत्रक उघडतात, त्यात 'स्टेरॉइड' हा शब्द दिसतो आणि चर्चेला तोंड फुटते. 'एवढ्याशा पोराला स्टेरॉइड?' असे आजी विचारते. दोन दिवस मलम लावले जाते, चट्टे जरा फिके पडताच नळी कपाटात जाते आणि आठवडाभरात खाज पुन्हा उसळी घेते.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा एक तरुण जांघेतल्या गजकर्णासाठी नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून मलम आणतो. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, तपासणी नाही. दोन दिवसांत खाज थांबते. 'औषध एकदम गुणाचे आहे' अशी खात्री पटल्याने तो ते महिनोन्महिने लावत राहतो.

ही दोन्ही घरे काल्पनिक आहेत. पण कोणत्याही रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात तासभर बसले, तर ती ओळखीची वाटू लागतात. विशेष म्हणजे दोन्ही घरांतील मलमे एकाच औषधकुळातील आहेत. एका घरात त्यांची गरजेपेक्षा जास्त भीती आहे, तर दुसऱ्या घरात मुळीच नाही. इसबावरील स्टेरॉइड मलमांची परीक्षा गेली सत्तर वर्षे सुरू आहे. या परीक्षेत नेमके काय तपासले गेले आणि काय तपासलेच गेले नाही, हे समजून घेतले, तर दोन्ही घरांचे कोठे चुकते ते लक्षात येते.

'स्टेरॉइड' म्हणजे काय?

मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी जी संप्रेरके तयार करतात, त्यांपैकी एक म्हणजे कॉर्टिसॉल. शरीरातील दाह आटोक्यात ठेवणे हे त्याचे एक काम. मलमांतील स्टेरॉइडे याच जातीची आहेत. स्नायू फुगविण्यासाठी काही खेळाडू आणि व्यायामपटू चोरून घेतात ती स्टेरॉइडे वेगळी. नावातील साधर्म्यामुळे दोघांची बदनामी मात्र एकत्र होते.

१९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण हिंडूफिरू लागले. या संशोधनाबद्दल हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हेच औषध त्वचेवर चोळून पाहण्याचा मोह संशोधकांना होणे स्वाभाविक होते. पण कॉर्टिसोनचे मलम निरुपयोगी ठरले. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील त्वचारोगतज्ज्ञ मेरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटेन यांनी कॉर्टिसोनऐवजी हायड्रोकॉर्टिसोन वापरले आणि इसबाचे चट्टे निवळू लागले. त्वचारोगांच्या उपचारांत येथून नवे पर्व सुरू झाले, असे मानले जाते.

इसबात त्वचेची तटबंदी मुळातच कच्ची असते. ओलावा बाहेर झिरपतो, बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात, शरीराची संरक्षण यंत्रणा खवळते आणि खाज सुटते. खाजवल्याने तटबंदी आणखी ढासळते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे इसबाचा धोका वाढतो, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. स्टेरॉइड मलम ही तटबंदी नव्याने बांधत नाही. ते आत पेटलेली आग विझवते. म्हणूनच मॉइश्चरायझरची साथ सोडून चालत नाही.

पहिली परीक्षा : त्वचा पांढरी पडते का?

हायड्रोकॉर्टिसोनच्या यशानंतर औषध कंपन्यांनी त्याच्या रेणूत फेरफार करून अनेक नवी स्टेरॉइडे तयार केली. त्यांतील कोणते किती तीव्र, हे ठरवायचे कसे, असा प्रश्न उभा राहिला. प्रत्येकाची शेकडो रुग्णांवर चाचणी घेणे खर्चाचे आणि वेळखाऊ होते.

१९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन या संशोधकांनी त्यावर सोपा उपाय शोधला. स्टेरॉइड त्वचेत मुरले की तेथील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तेवढा भाग फिका पडतो. निरोगी स्वयंसेवकांच्या हातावर, कोपराखालच्या भागात, छोट्या छोट्या चौकोनांत वेगवेगळी औषधे लावायची आणि काही तासांनी कोणता चौकोन किती पांढरा पडला ते नोंदवायचे, अशी ही चाचणी. पुढे डोळ्यांच्या अंदाजाऐवजी रंगमापक उपकरणेही वापरात आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये या चाचणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नव्या कंपनीचे मलम मूळ मलमाच्या तोडीचे आहे का, हे आजही अशा चाचणीने तपासले जाते.

या चाचणीच्या आणि रुग्णांवरील अनुभवाच्या आधारे मलमांच्या प्रती ठरल्या. ब्रिटनमध्ये सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र अशा चार, तर अमेरिकेत सात. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य गटात, बीटामेथासोन व्हॅलरेट आणि मोमेटासोन तीव्र गटात, तर क्लोबेटासोल प्रोपियोनेट अतितीव्र गटात येते. त्वचा फिकी पाडण्याच्या चाचणीत क्लोबेटासोल हे हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे ६०० पट प्रभावी भरते.

येथेच ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते. नळीवर हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का आणि क्लोबेटासोल ०.०५ टक्के असे छापलेले असते. आकडा लहान म्हणजे औषध हलके, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात स्थिती नेमकी उलट असते. टक्केवारीची तुलना एकाच औषधाच्या दोन मलमांपुरतीच करता येते; दोन निरनिराळ्या औषधांची नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. ही परीक्षा निरोगी त्वचेवर, हाताच्या एका भागावर आणि काही तासांपुरती होते. शरीराचा प्रत्येक भाग औषध सारखेच शोषून घेत नाही. फेल्डमन आणि मैबाख यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, कोपराखालच्या भागात जेवढे हायड्रोकॉर्टिसोन शोषले जाते त्याच्या सुमारे ६ पट कपाळावर, १३ पट जबड्यावर आणि ४२ पट वृषणावरील त्वचेत शोषले जाते. तळपायात मात्र सातव्या हिश्श्याइतकेच. हातावर निर्धोक ठरलेले मलम चेहऱ्यावर किंवा जांघेत तसेच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही, ते यामुळेच.

दुसरी परीक्षा : रुग्णाला बरे वाटते का?

त्वचा पांढरी पडली म्हणजे इसब बरे झाले, असे नव्हे. त्यासाठी रुग्णांवरच चाचणी घ्यावी लागते. इसब आपोआप कमी-जास्त होत असल्याने ही चाचणी दिसते तितकी सोपी नाही. काही आठवड्यांत चट्टे निवळले, तर श्रेय औषधाचे की बदललेल्या हवामानाचे, हे कसे सांगणार? शिवाय औषध नसलेल्या नुसत्या मलमानेही कोरडी त्वचा सुधारते.

यावर उपाय म्हणून रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली जाते. एका गटाला औषधी मलम, तर दुसऱ्याला दिसायला तसेच, पण औषध नसलेले मलम किंवा दुसरे प्रचलित औषध दिले जाते. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक असते, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. काही चाचण्यांत एकाच रुग्णाच्या डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरे मलम लावून तुलना करतात.

सुधारणा मोजण्यासाठी गुणपत्रिका आहेत. 'ईझी' या गुणपत्रिकेत डॉक्टर लाली, जाडी, ओरखडे आणि व्याप्ती पाहून ० ते ७२ गुण देतात. 'पोएम' मध्ये रुग्ण किंवा पालक खाज, झोप, रक्त येणे यांसारख्या सात प्रश्नांची उत्तरे देतात. 'पोएम' भरणारी आई मूल रात्री किती वेळा उठले ते सांगते, आणि ही गोष्ट डॉक्टरला भिंगातून दिसत नाही. आपल्याकडच्या वाचकांनी येथे एक बाब ध्यानात ठेवावी. सावळ्या त्वचेवर लाली अनेकदा लाल दिसतच नाही. ती तपकिरी, करडी किंवा जांभळट दिसते. त्यामुळे केवळ लालीवर विसंबले, तर आजार आहे त्यापेक्षा सौम्य वाटण्याची शक्यता असते.

नॉटिंगहॅमची मुले

पालकांच्या मनातला प्रश्न घेऊन झालेली एक चाचणी २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम परिसरात सौम्य ते मध्यम इसब असलेल्या १ ते १५ वर्षे वयाच्या २०७ मुलांनी तीत भाग घेतला. प्रश्न सरळ होता : सौम्य मलम जास्त दिवस लावावे की तीव्र मलम थोडे दिवस?

एका गटाला हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का सात दिवस देण्यात आले. दुसऱ्या गटाला बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्का तीन दिवस आणि उरलेले चार दिवस औषध नसलेले मलम देण्यात आले. इसब उसळले की हाच क्रम पुन्हा करायचा. १८ आठवड्यांत खाजेविना गेलेल्या दिवसांची मोजणी झाली. सौम्य मलमाच्या गटात हा मध्यांक ११८ दिवस, तर तीव्र मलमाच्या गटात ११७.५ दिवस इतका आला. म्हणजे दोन्ही पद्धती तुल्यबळ ठरल्या. त्वचेची जाडी अल्ट्रासाउंडने मोजली असता दोन्ही गटांत चिंता वाटावी असा फरक आढळला नाही.

तीव्र मलम म्हणजे विष आणि सौम्य मलम म्हणजे अमृत, या समजुतीला या निष्कर्षाने छेद दिला. औषधाची तीव्रता आणि वापराचे दिवस यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो, हा त्याचा अर्थ.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, त्याच नियतकालिकात आणखी एक महत्त्वाची चाचणी आली. आधी फ्लुटिकासोन मलमाने इसब आटोक्यात आणलेल्या रुग्णांपैकी काहींना रोजच्या मॉइश्चरायझरबरोबर आठवड्यातून केवळ दोन दिवस तेच मलम लावण्यास सांगण्यात आले. नुसत्या मॉइश्चरायझरवर असलेल्या रुग्णांत इसब परतण्याचा मध्यांक ६.१ आठवडे होता. दोन दिवसांची मात्रा घेणाऱ्यांत तो १६ आठवड्यांच्याही पुढे गेला. चट्टे दिसेनासे झाल्यावरही आत धग उरलेली असते आणि ती थोड्या औषधाने दाबून ठेवता येते, हे यातून दिसले. पहिल्या घरातील नळी दोन दिवसांत कपाटात गेल्यावर इसब का परतले, याचे उत्तरही येथेच सापडते.

अशा विखुरलेल्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये आढावा प्रसिद्ध केला. त्यात १०४ चाचण्या आणि ८,४४३ रुग्णांचा समावेश होता. तीव्र मलम दिवसातून एकदा लावणे हे दोनदा किंवा अधिक वेळा लावण्याइतकेच परिणामकारक असण्याची शक्यता आहे, असा एक निष्कर्ष निघाला. आठवड्यातून दोन दिवसांच्या पद्धतीने इसब उलटण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर येते, असेही आढळले.

त्वचा पातळ होते का?

स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, ही भीती निराधार नाही. अतितीव्र मलम दीर्घकाळ वापरल्यास त्वचा कागदासारखी होते, ताणाच्या रेषा उमटतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. मोठ्या भागावर बराच काळ लावल्यास औषध रक्तात उतरून शरीरातील कॉर्टिसॉलनिर्मिती मंदावू शकते. म्हणूनच अनेक चाचण्यांत रुग्णांच्या रक्तातील सकाळचे कॉर्टिसॉल तपासले जाते.

प्रश्न आहे तो प्रमाणाचा. कॉक्रेनच्या आढाव्यात ज्या २२ चाचण्यांनी त्वचा पातळ होण्याची नोंद ठेवली, त्यांतील २,२६६ रुग्णांपैकी २६ जणांत, म्हणजे सुमारे एक टक्का रुग्णांत, असा परिणाम दिसला. त्यांतील १६ जण अतितीव्र मलम वापरत होते. आठवड्यातून दोन दिवसांच्या पद्धतीत असा एकही रुग्ण नोंदला गेला नाही.

भीतीचे प्रमाण मात्र याच्याशी मुळीच जुळत नाही. नॉटिंगहॅममध्येच इसबाच्या २०० रुग्णांना वा त्यांच्या पालकांना विचारणा झाली, तेव्हा ७२.५ टक्के जणांनी या मलमांची धास्ती वाटत असल्याचे सांगितले. २४ टक्के जणांनी त्यापायी सल्ल्याप्रमाणे मलम न लावल्याची कबुली दिली. हे सर्वेक्षण २००० मध्ये प्रसिद्ध झाले. अपुरे लावलेले मलम गुण देत नाही, गुण न आल्याने ते अधिक दिवस लावावे लागते आणि जो धोका टाळायचा तोच जवळ येतो, असे हे दुष्टचक्र आहे.

तथापि, चाचण्यांचा कौल म्हणजे बेफिकिरीचा परवानाही नव्हे. बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच आहेत. वर्षानुवर्षे मलम वापरणाऱ्यांविषयीचा पुरावा त्यामानाने तोकडा आहे. तीव्र मलम दीर्घकाळ वापरून एकदम थांबवल्यावर त्वचा लालभडक होऊन आग होण्याच्या तक्रारी काही रुग्ण करतात. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये त्याविषयी सावधगिरीची सूचना दिली आणि २०२४ मध्ये नळीवर मलमाची तीव्रता छापण्याचा निर्णय जाहीर केला.

जे कधी तपासलेच नाही

आता वरच्या मजल्यावरच्या तरुणाकडे वळू. वर उल्लेखिलेल्या चाचण्या इसबाच्या आहेत. त्यांत निदान पक्के होते, दिवस मोजलेले होते आणि डॉक्टरांची देखरेख होती. गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग आहे. त्यावर स्टेरॉइड लावले की खाज आणि लाली ओसरते. पण बुरशीशी लढणारी त्वचेची यंत्रणाही त्याबरोबरच लुळी पडते. बुरशी आतल्या आत पसरते आणि गजकर्णाची ओळखीची गोल कड पुसली गेल्याने डॉक्टरांनाही निदान कठीण होते. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच नळीत कोंबलेल्या मलमांनी देशात हा प्रश्न चिघळला, असे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव मिळाले. त्या नावातच भारताचा उल्लेख असावा, हे भूषणावह नक्कीच नाही.

चेहऱ्याची कथाही निराळी नाही. देशातील १२ केंद्रांत झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, स्टेरॉइड मलम लावत असल्याचे त्यात आढळले. त्यांतील २९ टक्के जणांनी ते गोरे होण्यासाठी आणि २४ टक्के जणांनी मुरुमांसाठी वापरले होते. गोरेपणा हा आजार नव्हे. त्यामुळे त्यावरील औषधाची चाचणी होण्याचा प्रश्नच नव्हता. रक्तवाहिन्या आकुंचल्याने त्वचा फिकी पडते, हे मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी १९६२ मध्ये औषधाची ताकद मोजण्यासाठी वापरले. आपल्या बाजारात मात्र स्टेरॉइडने येणारा फिकेपणाच सौंदर्य म्हणून खपला.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमे अनुसूची 'एच'च्या सवलतीतून वगळली, म्हणजेच डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री करण्यास मनाई झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्रऔषधांवर बंदी आली. त्यांत स्टेरॉइड आणि बुरशीनाशकांची काही मिश्रणेही होती. कायदा कागदावर आला. तो औषध दुकानाच्या काउंटरवर पोहोचतो की नाही, हे विक्रेत्याइतकेच ग्राहकावरही अवलंबून आहे.

नळी हातात आल्यावर

डॉक्टरांनी स्टेरॉइड मलम लिहून दिले, तर चार गोष्टी तेथेच विचारून घ्याव्यात : मलम कोणत्या गटातील आहे, नेमके कोठे लावायचे, किती दिवस लावायचे आणि त्यानंतर काय करायचे.

'पातळ थर लावा' हा सल्ला मोघम आहे. त्यासाठी १९९१ मध्ये लाँग आणि फिनले यांनी सोपे माप सुचविले. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. प्रौढाच्या दोन तळहातांएवढ्या भागाला ती पुरते. चट्टा किती तळहातांचा आहे ते पाहिले की मलम किती लागेल, ते उमगते. चेहरा, पापण्या, जांघ आणि तान्ह्या मुलांचे लंगोटाखालचे अंग येथे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याखेरीज तीव्र मलम लावू नये. शेजाऱ्याला लागू पडलेली किंवा गेल्या वर्षीची उरलेली नळी वापरू नये. बराच काळ मलम लावले असेल, तर ते मनाने एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

सत्तर वर्षांच्या परीक्षेचा कौल पाहिला, तर स्टेरॉइड मलम उत्तीर्ण झाले आहे. पण ठराविक आजारासाठी, ठराविक जागी आणि ठराविक दिवसांसाठीच. पहिल्या घरातील मुलाला त्या मलमाची गरज आहे आणि ते सांगितल्याप्रमाणे लावले, तर त्याला शांत झोप लागेल. वरच्या मजल्यावरच्या तरुणाने आपली नळी आजच बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला हवे.